गाडी कोणाची?

“गाडी कोणाची?” मी विचारलं.

“माझी,” तो म्हातारा म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून वाळूत पडला. तो उचलायला म्हातारा वाकला नाही, गालाला हातही लावला नाही. गाडीचं दार धरून तसाच उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला, मी अजून काहीतरी विचारीन आणि त्याला उत्तर द्यावं लागेल असा.

मी दुसरं काही विचारलं नाही.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. खाडीवरचा पूल होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी आमच्या भाटवेळला यायचं तर होडीशिवाय वाट नव्हती, त्यामुळे लग्नाकार्याला येणारे सोडून बाहेरचं माणूस गावात दिसायचं नाही. पूल झाला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाड्या यायला लागल्या. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, कुठकुठल्या. आम्ही सगळ्यांना पावणेच म्हणायचो. पहिल्या वर्षी कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या गावानं घरामागे खोल्या काढल्या, आणि उरलेलं निम्मं गाव पावण्यांच्या नावानं बोटं मोडायला लागलं.

आम्ही त्या दुसऱ्या निम्म्यातले. कोळीवाड्याला मे महिना म्हणजे मासळी सुकवायचा महिना. पावसात होड्या वर ओढल्यावर चार महिने घर त्यावरच चालतं. आमची मासळी सुकवायची जागा किनाऱ्यावर, बरोबर जिथे गावातला रस्ता वाळूत उतरतो तिथे. पावणे त्याच उतारावरून गाड्या थेट वाळूत घालायचे. गोल गोल फिरवायचे, लाटांतून न्यायचे, छताच्या खिडकीतून पोरं वर काढून फोटो घ्यायचे. उडालेली वाळू सगळी सुकटीत. धुवायची, परत पसरायची, संध्याकाळी परत तेच. बोललं की म्हणायचे, “समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का?”

मी बाया गोळा केल्या. उताराच्या तोंडाशी दोन खांब रोवायचे आणि आडवी साखळी लावायची, माणसांनी खुशाल चालत जावं, गाडी जाता कामा नये, एवढी आमची मागणी. अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही माझ्या नवऱ्याची, हिराजीची. सरपंच अनंत पावसे यांनी तो अर्ज तीन आठवडे खिशात घालून फिरवला, कारण त्यांच्या स्वतःच्या सहा खोल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी साडेचारला आम्ही बाया देवळाच्या मंडपात बसून पंचायतीवर मोर्चा कधी न्यायचा ते ठरवत होतो. तेवढ्यात किनाऱ्याकडून ओरडा ऐकू आला. “आत्या गेली! आत्या गेली!”

आम्ही धावलो. बोंबील टांगायच्या बांबूच्या चौकटींपैकी एक पुरी आडवी झाली होती. तिच्याखालून नुकतंच भिकूआत्याला बाहेर काढलं होतं. ती हिराजीची आत्या. त्याची आई तो लहान असतानाच वारली, तेव्हापासून हिनंच त्याला वाढवला. तिचा डावा पाय गुडघ्याखाली बघवत नव्हता असा वळला होता. हिराजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आमची चार वर्षांची मुलगी त्याच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. आणि दहा पावलांवर ती पांढरी गाडी, पुढच्या काचेवर बोंबील लटकलेले, आणि गाडीचं दार धरून उभा असलेला तो साठीचा माणूस.

पुढचं सांगितलंच.

थोबाडीत मारल्यावर मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण लोकांना आठवतं. मी म्हणे ओरडले, “आमच्या गावातला माणूस असं कधी करणार नाही! तुम्हीच, तुम्हाला आमची माणसं माणसं वाटत नाहीत!” बाया माझ्यामागून ओरडल्या. कोणी गाडीवर दगड मारला. कोणी म्हाताऱ्याची कॉलर धरली. पावसे धावत आले आणि मध्ये पडले. त्या म्हाताऱ्याच्याच जावयानं आत्याला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, हिराजीही सोबत गेला. म्हाताऱ्याला पावशांनी आपल्या खोलीत नेऊन बसवलं. आत्याचं काय होतं ते कळेपर्यंत गाव सोडायचं नाही, असं ठरलं.

त्याचं नाव मल्लिनाथ हत्तुरे. सोलापूरचे निवृत्त चित्रकला शिक्षक. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, त्यांच्या बायकोकडून.

मी अंगणात सुकट पसरत होते. बाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. नेसणं साधं, कपाळावर विभूती, हातात स्टीलचा डबा.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

मी या म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. त्या आल्या. डबा ओट्यावर ठेवला. “कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे. दवाखान्यात आत्यांना द्या. आठ दिवस टिकतंय.”

“आमच्याकडे जेवायला आहे,” मी म्हटलं.

“असेलच की हो. नाही कुठं म्हटलं.” त्यांनी डबा भिंतीशी सरकवला. मग म्हणाल्या, “ताई, एक विचारू? काल तुम्ही यांना मारलं. मला वाईट वाटलं, पण तुमचं माणूस पडलं होतं, राग येणारच. पण मला रात्रभर एकच कोडं पडलंय. यांना गाडी चालवता येत नाही.”

“म्हणजे?”

“येतच नाही. सायकलवरनं उतरताना अजून पडतात. गाडी जावयाची आहे. मी मुलीबरोबर खोलीवर झोपले होते, मला काही माहीत नाही. विचारलं तर हे बोलत नाहीत. ‘चूक माझी आहे,’ एवढंच म्हणतात. तुम्ही तिथं होता. तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

मी तिथे होते कुठे? मी देवळात होते. पण तसं त्यांना सांगितलं नाही. डोक्यात एकदम उजेड पडल्यासारखं झालं: जावई! म्हातारा जावयाला वाचवतोय. मुलीचा संसार, तान्हं मूल. मला परत राग चढला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण त्या म्हाताऱ्याचा चेहरा रात्रभर माझ्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. आता मारायला दुसरा चेहरा मिळाला होता.

मी तशीच ओल्या हातांनी पावशांच्या खोलीवर गेले. हत्तुरे सर पडवीत खुर्चीवर बसले होते. चष्म्याच्या एका काचेला तडा गेला होता. मला बघून ते उठून उभे राहिले.

“गाडी तुमचा जावई चालवत होता,” मी म्हटलं.

“नाही.”

“खोटं बोलू नका. तुम्हाला चालवता येत नाही, तुमच्या मंडळींनी सांगितलं मला.”

“ते खरं आहे,” ते म्हणाले. “पण राजशेखर नव्हता हो. तो बाळाला घेऊन माडाखाली बसला होता. तिथं बसलेल्या आमच्यासारख्या दोन-चार पावण्यांनी बघितलंय त्याला. विचारा कुणालाही.”

“मग कोण होतं?”

ते माझ्याकडे बघत राहिले, काल बघत होते तसेच. मग त्यांनी मान फिरवली. “आत्या कशा आहेत?”

“मी काय विचारते?”

“ताई, झालं ते झालं. मी चूक कबूल केली आहे. लिहून मागितलं तर लिहून देतो. तुम्ही आता घरी जा.”

“मी कळल्याशिवाय जाणार नाही.”

“मग आत्यांना भेटून या,” ते म्हणाले. “त्यांनी सांगितलं तर त्यांनी सांगितलं. मी सांगणार नाही.”

मला काहीच समजेना. हा माणूस कुणासाठी मार खातोय? आणि आत्याला कशाला विचारायचं? तिच्या अंगावर चौकट पडली होती, तिनं काय बघितलं असणार? मी घरून तो डबा उचलला आणि दहाची एसटी पकडली. वाटेत जावयाबद्दल, पावशांबद्दल, पावशांच्या पोराबद्दल, एकेकाबद्दल विचार करत गेले. पावशांचा पोरगा पावण्यांच्या गाड्या फिरवायचा, मला त्याचा संशय आला, आणि मग तालुका येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात गावाबाहेर काढूनसुद्धा टाकला.

आत्याच्या पायाला प्लास्टर घातलं होतं. हिराजी खाली चहा आणायला गेला होता. आत्या जागी होती आणि तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला मासळीचा भाव सांगत होती. मला बघून म्हणाली, “आलीस गो? मासळी कुणाच्या भरवशावर टाकलीस?”

मी खाटेवर बसले. हळूच विचारलं, “आत्या, गाडी कोण चालवत होतं?”

शेजारची बाई ऐकत होती म्हणून मी आत्याच्या तोंडाशी कान नेला.

“तुला कुणी सांगितलं नाही?” आत्या म्हणाली.

“काय?”

“हिऱ्या.”

मला वाटलं ती हिराजीला हाक मारतेय. मी मागे वळून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

“हिऱ्या होता गाडीवर,” आत्या म्हणाली. “मी बगितलाय त्याला, हासत होता. काचेतून मला बगून हात केलान. मी पण केला. मग चौकट आली अंगावर.” तिनं माझा हात दाबला. “तू नको बोलू त्याला. पोर घाबरलाय. रात्री पायाशी बसून रडत होता.”

तेवढ्यात हिराजी चहाचे ग्लास घेऊन आला. मला बघून तो दारातच थांबला. त्यानं माझा चेहरा बघितला, मग आत्याचा. ग्लास खिडकीत ठेवले आणि बाहेर निघून गेला. मी त्याच्यामागे गेले नाही. आत्याला चहा पाजला, तिची वेणी घातली, डब्यातली भाकरी मोडून दिली. तिनं चटणीची चव घेतली आणि म्हणाली, “तिखट आहे. पण बरी आहे. कुणी दिलीन?”

मी सांगितलं नाही.

संध्याकाळची एसटी आम्ही दोघांनी एकत्रच घेतली. शेजारी बसलो. तिकीट हिराजीनं काढलं. पूल आल्यावर मी विचारलं, “तुम्ही अर्जावर सही केली होती ना?”

“केली होती.”

“मग?”

“त्यांची गाडी ओल्या वाळूत रुतली होती,” तो म्हणाला. “भरतीचं पाणी चढत होतं. जावयाला काही जमत नव्हतं, तो नुसता चाक फिरवायचा आणि गाडी अजून खाली. मी त्याला उतरवला, म्हटलं तू मुलाला सांभाळ. मी काढली गाडी. मी टेम्पो चालवलाय, मला वाळू कळते. सर शेजारी बसले होते. म्हणाले, छान चालवता की हो, पाण्याजवळनं एक फेरी मारता का, मला आयुष्यात एकदा बघायचंय. मी मारली.”

“आणि?”

“आणि मग अजून एक मारली. ती त्यांनी सांगितली नव्हती.” तो खिडकीतून बाहेर बघत होता. “इतकी हलकी गाडी, सुंदरा. टेम्पोसारखं काहीच नाही. आत्या दिसली, तिला हात करायला गेलो…”

“मग मी आले तेव्हा का नाही बोललात?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “तू विचारलंस कुठे? तू विचारलंस गाडी कोणाची. ते म्हणाले माझी. मी तोंड उघडेपर्यंत तू मारलंस. मग तू ओरडायला लागलीस, आमच्या गावातला माणूस असं करणार नाही. सगळ्यांसमोर. पोरगी माझ्या गळ्याला बिलगलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, अशी, बोलू नको म्हणून.” त्यानं मान हलवून दाखवली. “मी नाही बोललो. घाबरलो.”

घरी आलो, जेवलो, मुलीला झोपवलं. मला हिराजीचा राग यायला हवा होता. येत होता, पण पुरा येत नव्हता, कारण मध्येच तो माझ्यावरच उलटायचा. आणि तिथूनही निसटून परत त्या म्हाताऱ्यावर जायचा, की ह्यानं कशाला मान हलवली? ह्याला कुणी सांगितलं होतं आम्हाला वाचवायला?

तिसरा दिवस मी नुसता घालवला. हे मला सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी पावसे स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, “सुंदरावहिनी, तुमचंच खरं. उद्या रविवार आहे, सभा घेतो, साखळीचा ठराव करून टाकू. आता नाही म्हणायला माझं तोंड नाही.” तीन आठवडे पायऱ्या झिजवून जे झालं नव्हतं ते आपल्या पायानं चालत घरी आलं होतं. बाया येऊन मला मिठ्या मारून गेल्या. मी त्या दिवशी पावशांच्या खोलीकडे गेले नाही. सकाळी जाईन म्हटलं, मग दुपारी जाईन म्हटलं. मग म्हटलं, ठराव होऊ दे, मग सांगू.

रविवारी पहाटे डोळा उघडला तेव्हा मात्र राहवलं नाही. हिराजीला उठवलं. म्हटलं, “चला. आधी त्यांच्याकडे, मग सभेत.” तो उठला, सदरा घातला. आम्ही खोलीवर गेलो तर दार उघडं, खाटा रिकाम्या. पावशांची सून झाडत होती. “गेली की ती लोकं. सहालाच. सासऱ्यांनी गाडीची किल्ली दिली. सरांनी कागद लिहून दिलाय.”

सभा देवळातच भरली. एवढी माणसं मी मंडपात गणपतीतसुद्धा बघितली नव्हती. आत्याला आदल्या दिवशी घरी सोडली होती. तिला खुर्चीसकट उचलून आणून पुढे बसवलं होतं. पावशांनी कागद वाचला. अक्षर बघण्यासारखं होतं, ते लांबूनही कळत होतं. “दिनांक अमुक रोजी भाटवेळ येथील समुद्रकिनाऱ्यावर माझ्या हौसेपायी श्रीमती भिकूबाई चोगले यांना गंभीर दुखापत झाली. चूक सर्वस्वी माझी आहे. मी गावाची क्षमा मागतो.”

टाळ्या पडल्या. माफीच्या कागदावर टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

“आता सुंदरावहिनी दोन शब्द बोलतील,” पावसे म्हणाले.

मी उभी राहिले. म्हटलं, “मी चुकीच्या माणसाला मारलं. सर गाडी चालवत नव्हते. त्यांना चालवता येत नाही. गाडी हिराजी चालवत होते.”

मंडपात मागून कोणीतरी हसलं.

“काय म्हणताय वहिनी?” पावसे म्हणाले.

मी परत सांगितलं. हिराजी उभा राहिला आणि म्हणाला, “खरं आहे. मीच होतो.” त्याचा आवाज इतका बारीक आला की त्याला परत बोलायला लावलं. तो परत बोलला.

मग गलका झाला. एक जण म्हणाला, पावण्यानं ह्यांना पैसे चारले. दुसरा म्हणाला, मी स्वतः बघितलं, म्हातारा स्टिअरिंगवर होता. त्याला मी विचारलं, तू कुठून बघितलंस, तू तर बाजारात होतास? तो म्हणाला, “मी नाही, पण माझ्या भावानं बघितलं.” माझ्याच बायांपैकी एक माझ्या कानात म्हणाली, “सुंदरा, मन मोठं आहे तुझं, पण आता कशाला? गेला तो. साखळी होतेय, होऊ दे.” पावशांनी कागद वर धरला. “अहो, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय! खोटं लिहायला त्यांना वेड लागलंय का?”

“आत्याला विचारा,” मी ओरडले. “आत्यानं बघितलंय.”

सगळे आत्याकडे वळले. पावसे तिच्यापुढे वाकून म्हणाले, “आत्या, कोण होतं गाडीवर?”

आत्यानं हिराजीकडे बघितलं. मग माझ्याकडे. प्लास्टरवर हात फिरवला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली, “पावणाच होता. दुसरा कोण असणार?”

ठराव एकमतानं झाला. त्यात माझाही हात मोजला गेला, मी तो वर केला नव्हता तरी.

संध्याकाळी मी आत्याच्या पायाला उशी देत होते तेव्हा विचारलं, “तू असं का बोललीस?”

“तुला साखळी हवी होती ना?”

“अशी नको होती.”

“कशी पण असो,” आत्या म्हणाली. “हिऱ्याचं नाव आलं असतं तर पावसे म्हणाला असता, तुमच्याच माणसानं केलंन, पावण्यांना कशाला बंदी? मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. आणि तो माणूस सोलापुरात. त्याला काय होतंय?”

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. पंधरा दिवसांत खांब बसले.

मी सोलापूरला पत्र लिहिलं. पावशांच्या वहीत पत्ता होता. खरं काय ते सभेत सांगितलं, पण कोणी ऐकलं नाही, असं लिहिलं. माफी मागितली. उत्तराला पोस्टकार्ड आलं: आत्या चालायला लागल्या की कळवा. आत्या गणपतीत काठी घेऊन चालायला लागली, तेव्हा मी कळवलं.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी बाजारात गडबड ऐकू आली. हत्तुरे सर आले होते, एकटे, एसटीनं. चष्मा नवा होता. चहाच्या दुकानावर त्यांना ओळखलं होतं आणि चहा द्यायला नाही म्हटलं होतं. ते बाकड्याशेजारी पिशवी घेऊन उभे होते. चार-पाच माणसं त्यांच्याभोवती. मी गर्दीत घुसले. त्यांच्या हातातली पिशवी घेतली, म्हटलं, “सर, घरी चला,” आणि सगळ्या बाजारातून त्यांच्या बरोबरीनं चालत त्यांना घरी आणलं. मुद्दाम लांबच्या वाटेनं आणलं. गावानं बघावं म्हणून.

हिराजी त्यांच्या पाया पडला. आत्या काठी टेकत आली आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली. तिनं पहिली गोष्ट काय विचारली, तर, “चटणी आणलीत का?” त्यांनी आणली होती.

मी विचारलं, “सर, तुम्ही त्या दिवशी मान का हलवलीत? का नाही सांगितलंत?”

“मला नीट सांगता येत नाही हो, ताई. आधी भीती वाटली. मी म्हटलं असतं, तुमच्या नवऱ्यानं केलं, तर कुणी ऐकलं असतं का? अजून मारलं असतं. मग त्यांच्या गळ्याला बिलगलेली मुलगी दिसली. आणि फेरी मारा असं मीच म्हटलं होतं, ते तर खरंच. ह्यातलं नक्की कुठलं, ते मी वर्षभर शोधतोय. चांगुलपणा होता असं म्हणायला मला धीर होत नाही.”

“दुसरी फेरी तुम्ही सांगितली नव्हती,” हिराजी म्हणाला.

“थांबाही म्हटलं नव्हतं,” सर म्हणाले.

जेवायची वेळ झाली. सर मासळी खाणारे नव्हते, आणि आमच्या घरात मासळी न शिजलेलं एक भांडं सापडेना. मी वरच्या आळीतल्या, मासळी न खाणाऱ्या मालुताईंकडे पातेलं मागायला गेले. त्यांना सकाळचं सगळं कळलेलं होतं. फडताळातून पितळेचं पातेलं काढून पदरानं पुसत त्यांनी माझ्या हातात दिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ज्यानं घरचं माणूस मोडलं त्याला जेवू घालतेस,” त्या म्हणाल्या. “सबंध गाव तेच बोलतंय गो. सुंदरानं त्याला माफ केलं. तुझ्याएवढं मन आमच्यात नाही.”

मी तोंड उघडलं. मालुताई माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होत्या की मी ते परत मिटलं.

घरी आले तर सर दारात उभे होते. माझा चेहरा बघून म्हणाले, “काय म्हणाल्या त्या?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पातेलं घासून परत दे म्हणाल्या.”